आईची झोप आणि माझे पाय

आमच्या घरी दुपारच्या आमटीला फोडणी नसायची. डाळ शिजवायची, तिच्यात हळद, मीठ, गूळ आणि दोन आमसुलं टाकायची आणि तशीच वाढून घ्यायची. मोहरी तडतडते, कढीपत्ता चरचरतो आणि आतल्या खोलीत आई झोपलेली असायची. ती कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूची नर्स होती, आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तिला रात्रपाळी असे. संध्याकाळी ती उठून, तोंडावर पाणी मारून ओट्याशी आली की मग उरलेल्या आमटीला फोडणी बसायची आणि घराला वास यायचा. एकच आमटी आम्ही दिवसातून दोनदा, दोन चवींची खायचो. पुढे मुंबईत आल्यावर एका मैत्रिणीकडे भर दुपारी कढईत मोहरी तडतडली, तेव्हा मी दचकून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं होतं. मैत्रिणीला वाटलं मला मोहरीची भीती वाटते. काय सांगणार तिला?

फोडणीचंच काय, कुकरची शिट्टीही आमच्याकडे नव्हती. बाबा सुलैबियाच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. पाइप, व्हॉल्व्ह, नटबोल्ट यांचा हिशेब ठेवायचे. त्यांची ड्युटी पहाटेच सुरू व्हायची आणि दुपारी सुटायची. ते येऊन उघड्या पातेल्यात भात लावत. पापड भाजला तर तो जिभेवर ठेवून मऊ होईपर्यंत थांबायचं, मग खायचा. खुर्च्यांच्या पायांना बाबांनी जुन्या मोज्यांचे तुकडे बांधले होते. शाळेच्या बसमधून उतरून जिना चढेपर्यंत मी कितीही बडबडत असले तरी आमच्या मजल्यावर आले की आपोआप चवड्यांवर यायचे. घरात मोकळेपणी बोलायची मुभा फक्त एसीला होती. तो दिवसभर घुरघुरायचा, आम्ही दोघं त्याच्या आडोशानं कुजबुजायचो. टीव्ही लागायचा तोही आवाज बंद करून. मालिकेतली सासू डोळे वटारून ओठ हलवायला लागली की बाबा माझ्या कानाशी तिचे संवाद म्हणायचे, सून मी व्हायचे. तिच्या भुवया, हनुवटी, मान वळवायची पद्धत बघून ती काय म्हणत असेल ते ओळखायचं. नाट्यशाळेत मी कधी गेले नाही. कुठे शिकलात असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त सांगते, पण माझं खरं शिक्षण त्या मुक्या टीव्हीसमोर झालं.

एकदा माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. गोल फिरत फिरत, आवाज वाढवत ते शेवटी थांबलं. आई बाहेर आली, झाकण उचललं, ओट्यावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून परत झोपायला गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. बाबा मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ती ड्युटीला निघाल्यावर म्हणाले, तिची झोप झाली नाही तर तिकडे कुणाच्या सलाइनमध्ये चुकीचं औषध जाईल, कळतंय का तुला? मला कळलं. मी त्या दिवसापासून आणखी हळू चालायला लागले.

अशा मुलीच्या वाट्याला पाय आपटायचं नाटक यावं, ही गंमतच. आमच्या मराठी मंडळाचं नाटक दरवर्षी व्हायचं, शाळेच्या सभागृहात, शुक्रवारी संध्याकाळी, कारण सगळ्यांची सुट्टी शुक्रवारची. नाटक बसवायचे पाटणकरकाका. नाशिकचा माणूस, पेट्रोकेमिकलमधला इंजिनियर, पण तालमीत शिरला की कंपनी विसरायचा. तालमीत त्यांना काका म्हणायची बंदी होती, ‘सर’ म्हणायचं. त्यांची मुलगी अमेरिकेत कॉलेजात होती. तिनं तिथल्या स्टेप डान्सिंगचे व्हिडिओ पाठवले आणि काका वेडे झाले. तिथली काळी मुलं-मुली कॉलेजात टीम करून हा नाच करतात. त्यात वाद्य नसतं. पाय जमिनीवर आपटायचे, टाळ्या वाजवायच्या, मांडीवर, छातीवर थाप मारायची, गुडघा उचलून त्याच्याखाली टाळी द्यायची, आणि कप्तान हाक देईल तिला सगळ्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचं. गुलामीच्या काळात त्यांच्या पूर्वजांचे ढोल हिसकावून घेतले गेले तेव्हा त्यांनी अंगाचाच ढोल केला, असं काका सांगायचे. त्यांनी लिहिलेल्या नाटकाचं नाव होतं ‘एक, दोन, दण’. अवनी नावाची एक अबोल मराठी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजात जाते, तिथल्या टीममध्ये शिरते आणि शेवटी त्या टीमची कप्तान होते, अशी ती गोष्ट.

अवनी मला मिळाली. गणपतीतल्या एका स्किटमध्ये त्यांनी मला पाहिलं होतं. तुझा चेहरा न बोलता बोलतो, असं ते म्हणाले. बारावीचं वर्ष होतं, मैत्रिणी क्लासेसना जुंपलेल्या, आणि मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मला आयुष्यात हे आणि हेच करायचं आहे. आजही माझ्याबद्दल लिहिणारे माझ्या हट्टाचं कौतुक करतात. माझ्याबरोबर काम करणारे तितक्या कौतुकानं बोलत नाहीत, पण हट्ट आहे हे खरं. तो त्या दिवसापासून आहे. मी घरी येऊन रोज सराव करायला लागले. संवाद बाबांबरोबर कुजबुजत पाठ झाले. पावलांसाठी मी आजीनं शिवलेली गोधडी चौघडी करून हॉलमध्ये अंथरायचे आणि तिच्यावर नाचायचे, म्हणजे आईला त्रास नको. हातांच्या थापा अंगाला लागण्याआधीच थांबवायचे. सगळ्या टीममध्ये सगळ्यात आधी माझा नाच पाठ झाला. हात, मान, गुडघे, वळणं, एकही चूक नव्हती.

मग एका शुक्रवारी तालमीत पाटणकरकाका खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, आता मी ऐकणार. आम्ही सात मुलींनी शेवटचा नाच केला. तो संपला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“सहा जणी ऐकू आल्या,” ते म्हणाले. “सातवी कोण आहे?”

त्यांनी एकेकीला नाचायला लावलं आणि माझ्यापाशी थांबले. मला पुन्हा करायला लावलं. मी जीव तोडून केलं. माझी टाच खाली यायच्या आधीच गुडघा मऊ होऊन सगळा भार पिऊन टाकत होता, मांजर उतरतं तशी मी उतरत होते. मला ते माहीतच नव्हतं. माझं पाऊल वाजत नाही, हे त्यांनी सांगेपर्यंत मला ऐकू आलं नव्हतं. काका रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघ, शेवटी अंधार असतो. अंधारात अवनीचा पाय एकटा वाजतो, त्यावर बाकीच्या उभ्या राहतात. तो वाजलाच नाही तर नाटकच उभं राहत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर मला सायलीला उभं करावं लागेल.” सायली पुण्याच्या इंजिनियरांची मुलगी, लहानपणापासून कथक शिकलेली. तिच्या पायांनी फरशी दणाणायची. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली की मला तुझा रोल नकोय यार, तू कर ना काहीतरी. वाईट मुलगी असती तर मला रागावता तरी आलं असतं.

आठवडा होता हातात आणि पाय वाजवायचेच होते. घर तर बाद. शाळेतून आल्यावर मी आमच्या बिल्डिंगशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गेले. तिथं नुसती वाळू. मी आपटत राहिले आणि वाळू सगळं गिळत राहिली. बुटांत वाळू भरली, घाम डोळ्यांत गेला, आणि आवाज म्हणाल तर शेजारून जाणाऱ्या गाडीचा. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उतरले. तिथं आवाज झाला तर हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, धावत आला. त्याला वाटलं कुणी गाडीची काच फोडतंय. शेवटी बाबांना सांगावं लागलं. आईला सांगायचं नाही हे मात्र आमचं न बोलता ठरलेलं होतं. वॉर्डात माणसं कमी पडत होती, तिला सलग रात्रपाळ्या लागल्या होत्या. संध्याकाळी आरशासमोर अंबाडा घालताना ती विचारायची, नाटक कसं चाललंय गो? आम्ही दोघं एकदम म्हणायचो, छान.

बाबांनी मला सुलैबियाला नेलं. गोदाम बंद झालेलं, आजूबाजूला कुणी नाही, पलीकडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग. त्यांनी माल ठेवायच्या लाकडी फळ्या एकमेकींना लावून मला स्टेज करून दिलं आणि म्हणाले, आपट आता काय आपटायचं ते. मी पाय उचलला आणि सगळा जोर लावून खाली आणला. लाकूड खरोखर दणाणलं. पत्र्याच्या छतावरून आवाज परत आला. आणि त्याच क्षणी बाबा ओठांवर बोट ठेवून म्हणाले, “शूः!”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मैलभर कुणी झोपलेलं नव्हतं. बाबा आधी ओशाळले, मग हसायला लागले, आणि मी पण इतकी हसले की फळीवर बसले. पण हसणं ओसरल्यावर मी पुन्हा उभी राहिले तेव्हा पाय वाजेना. प्रत्येक वेळी आवाज होणार म्हटलं की माझे खांदे आक्रसायचे आणि डोळे दाराकडे जायचे. तिथं दार होतं तेही शटरचं. मी अंधार पडेपर्यंत आपटत राहिले. दहातला एखादा पाय वाजायचा. परतीच्या वाटेवर बाबांनी गाडी थांबवली. घराजवळच्या इराणी बेकरीतून त्यांनी गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घेतला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सायलीला दिलं तर दिलं, तू वाईट वाटून घेऊ नको. मी म्हटलं, मी देणार नाही. खुबूस तोडून त्यांना दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला रडायचं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. बाबा मासळीबाजारात गेले होते. दुपारी तालीम होती. आई यायच्या आत एकदा करून बघावं म्हणून मी सवयीनं गोधडी अंथरली आणि शेवटचा नाच सुरू केला. अवनी अंधारात एकटी उभी आहे असं मनात आणलं, पाय उचलला, आणला. पुन्हा उचलला. मध्येच वळले तर दारात आई. हॉस्पिटलची बस त्या दिवशी लवकर आली होती. ती युनिफॉर्ममध्येच, खांद्याला पर्स, हातात किल्ली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आमच्या घराचं दार उघडतानाही आवाज होत नसे, बाबांनी बिजागरीला तेल घातलेलं असायचं.

तिनं विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं, नाटकातला नाच. ती बघत राहिली आणि म्हणाली, “ह्याला आवाज कुठं आहे?”

तेव्हा मला आवरलं नाही. सगळं सांगून टाकलं. सातवी कोण आहे, सायली, वाळू, गोदाम, बाबांचं शूः, आज दुपारी रोल जाणार हे सगळं. शेवटी म्हटलं, “तुझी झोप मोडेल म्हणून मी कधी वाजवलंच नाही ना.”

आई सोफ्यावर बसली. बूट काढायचे राहिले.

“कोणी सांगितलंन् तुला?” ती म्हणाली. “मी कधी बोलले, गप्प राहा म्हणून?”

मी आठवून पाहिलं. खरंच ती कधी म्हणाली नव्हती. एकदाही नाही. म्हणायचे ते बाबा, आणि ते तिच्या काळजीनं म्हणायचे.

“मला वाटायचं तुम्हा दोघांना असंच आवडतं,” ती म्हणाली. “रात्रभर तिकडे माणसं गप्प पडलेली असतात गो. यंत्रं तेवढी पीं पीं करतात. घरी आलं तर इकडे पण सगळे कुजबुजता. मला वाटतं एका आयसीयूतनं निघाले नि दुसऱ्यात आले.” मग म्हणाली, “आमच्या माहेरी आई पहाटे भात कांडायची. मी तिथंच उखळीशेजारी झोपलेली असायचे. मुसळ थांबलं की मला जाग यायची.”

माझ्या आईच्या तोंडून इतकी वाक्यं एका वेळी मी क्वचितच ऐकली होती. दुपारी आम्ही तिच्यासाठी गप्प आणि संध्याकाळी ती घाईत. तिच्याशी बोलायचं राहूनच गेलं होतं, आणि ते राहतंय हे तिला लागत होतं, आणि आम्ही दोघं शहाणे फोडणीविना आमटी खाऊन तिची सेवा केल्याच्या आनंदात. आजही हे लिहिताना बाबांवर रागवावं की त्यांना मिठी मारावी हे मला कळत नाही. आता ते नाहीत. असते तरी बहुधा दोन्ही केलं असतं.

ती उठली. गोधडी उचलली, नीट घडी घातली, कपाटात ठेवली. म्हणाली, आता कर. मी म्हटलं, खालचे ओरडतील. खाली एक मिसरी, म्हणजे इजिप्तचे, शिक्षक आणि त्यांची बायको राहत. आई तशीच युनिफॉर्ममध्ये जिना उतरून गेली आणि थोड्या वेळानं वर आली. तिच्या मोडक्या अरबीत तिनं सांगितलं होतं की वर माझी मुलगी नाचणार आहे. त्या बाईंना वाटलं घरात लग्न निघालंय. त्यांनी ‘मबरूक’ म्हणून तिचं अभिनंदन केलं आणि हातात खजुरांची डबी दिली. आईनं त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता. “कशाला?” म्हणाली. “लग्न म्हटल्यावर दिवसभर कोण काही बोलायचं नाही.”

मी फरशीवर उभी राहिले. पाय उचलला आणि आणला, पण खांदे परत आक्रसले. आई म्हणाली, माझ्याकडे बघू नको. मी भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा आणला. तिनं हळूच विचारलं, एवढाच? मला राग आला. स्वतःचा, बाबांच्या मोज्यांचा, सायलीच्या चांगुलपणाचा, सगळ्याचा एकदम राग आला आणि टाच फरशीवर अशी बसली की शोकेसमधले कप खुळखुळले. मी थांबले नाही. दुसरी आणली, तिसरी आणली, मांडीवर थाप मारली ती चांगली झोंबली, छातीवर मारली, गुडघ्याखाली टाळी दिली. अख्खा नाच केला. परत पहिल्यापासून केला. किती सोपं होतं ते आणि किती वर्षं लागली होती. मला खूप आनंद झाला, हे असं सरळच लिहायला हवं.

तिसऱ्यांदा करताना मी वळून पाहिलं तर आई सोफ्यावर झोपली होती. बूट पायात, मान कुशनवर, तोंड थोडं उघडं. मी चटकन थांबले, जुन्या सवयीनं श्वाससुद्धा रोखला.

डोळे न उघडता ती म्हणाली, “थांबलीस का?”

मी पुन्हा सुरू केलं. बाबा मासळी घेऊन आले तेव्हा दारातच थिजले. मी घर दणाणून सोडलंय आणि आई घोरतेय. त्यांनी बोट ओठांपर्यंत नेलं आणि मग तसंच खाली आणलं. मग ते स्वयंपाकघरात गेले, आणि भर दुपारी मला मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

त्या दुपारच्या तालमीत पाटणकरकाकांनी परत डोळे मिटले. नाच झाल्यावर उघडले आणि म्हणाले, सात. एवढंच. सायलीनं मला उचलून गोल फिरवलं. माझ्या टाचा पुढचा महिनाभर दुखत होत्या. गुडघे तर आजही पावसाळी हवेत कुरकुरतात, आणि डॉक्टरांनी विचारलं की मी सांगते, हे कुवेतच्या फरशीचं देणं आहे. चवड्यांवर चालायची सवय मात्र गेली नाही. ‘त्यांचा रंगमंचावरचा वावर जाणवतही नाही’ असं कुणीतरी कौतुकानं लिहिलं होतं. आईनं ते वाचून कापून ठेवलंय, आणि आल्यागेल्याला दाखवताना सांगते, पण आपटायला सांगा, आपटते पण चांगली.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आईनं ती रात्र मोकळी मिळावी म्हणून एका मैत्रिणीशी ड्युटी बदलून घेतली होती, आणि त्यापायी आदली रात्र आणि त्या दिवसाची सकाळ दोन्ही तिनं केली होती. शिवाय घरी येऊन सगळ्या टीमसाठी घावन आणि चटणी केली. मिक्सर दुपारी लावला. मी विंगेतून पाहिलं तेव्हा ती तिसऱ्या रांगेत बाबांशेजारी बसली होती, जरीची साडी, ताठ मान. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्यात शेवटी दिवे गेले आणि मी अंधारात एकटी उभी राहिले. लोक खोकायचे थांबले. मी पाय उचलला. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात भीती नव्हती, एकच होतं, हा वाजणार. तो वाजला. स्टेजच्या फळ्यांनी तो उचलून मागच्या भिंतीपर्यंत नेला. दुसरा वाजला. माझ्यावर एक दिवा आला, मागे एकेक करून सहा जणी उभ्या राहिल्या, मी हाक दिली, त्यांनी उत्तर दिलं, आणि मग आम्ही साती जणींनी ते सभागृह हलवलं.

त्या उजेडात मला तिसरी रांग दिसली. आई झोपली होती. मान बाबांच्या खांद्यावर, तोंड थोडं उघडं. बाबा हवालदिल होऊन तिला कोपरानं ढोसत होते. आजूबाजूची माणसं बघत होती. मुलीचं पहिलं नाटक आणि आई झोपलीय म्हणून कुणीतरी हसलंसुद्धा. मी बाबांकडे पाहून मान हलवली, नाटकात नसलेली. नका उठवू. आणि जेवढा जोर अंगात होता तेवढा लावून आपटत राहिले.

शेवटची थाप एकटीची होती, माझी. ती पडली आणि आम्ही सातजणी होतो तिथं थांबलो, हात वर, श्वास फुललेला. सभागृहात चिडीचूप. पुढे आणखी काही आहे की संपलं, हे लोकांना कळेना. कुणी टाळी वाजवेना.

त्या शांततेत आईला जाग आली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. नाटक संपलं, हे त्या सभागृहात सगळ्यात आधी तिलाच कळलं.